कात्रजचा घाट, पेशव्यांचा गेंडा आणि आपल्या बागेतलं अस्वल

परवाच्या रविवारी घरच्या मंडळींना घेऊन कात्रजचं प्राणिसंग्रहालय बघून आलो. दोन फोटो टाकले, तर खाली बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "आपल्या गावात असं का नाही?" एका उत्साही मित्राने तर तळ्याकाठची मोकळी जागाही सुचवून टाकली. गेल्या पालिका निवडणुकीत दोन्ही बाजूंच्या पत्रकांत "मिनी झू" होतं, हेही तुम्हाला आठवत असेल. आता तो विषय पुन्हा सभेपुढे येणार अशी कुजबुज आहे. म्हणून कमेंटमध्ये एका ओळीत उत्तर देण्यापेक्षा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे.

सकाळी साडेसहाला निघालो. आई, बायको, सातवीतली मुलगी आणि भावाचा मुलगा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकड्या, पाण्याचे कॅन असा सगळा सरंजाम. रविवार मुद्दाम निवडला, कारण मागे एकदा मी पोरांना घेऊन बुधवारी गेलो होतो आणि बुधवारी तिथे सुट्टी असते. पत्रकार म्हणून दुनियेच्या चौकशा करणारा माणूस एवढी चौकशी करायला विसरला, हे घरात अजून ऐकवलं जातं.

खंबाटकीचा बोगदा, शिरवळला चहा, खेड-शिवापूरचा टोल, आणि मग नवा बोगदा सोडून जुन्या कात्रज घाटाने खाली. आईला घाट बघायचा होता. आपल्या भागातल्या माणसाचं पुणं कात्रजलाच सुरू होतं. एसटीतून येताना घाट उतरला की शेजारचा झोपलेला माणूस आपोआप जागा होतो आणि पिशव्या आवरायला लागतो.

"कात्रजचा घाट दाखवणे" म्हणजे काय, हे मुलीला शाळेत शिकवलं होतं, पण ती म्हण आली कुठून ते माहीत नव्हतं. गाडीतच सांगितलं. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला. पाठलागावर येणाऱ्या फौजेची दिशाभूल करायला कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले, मोगल त्या उजेडामागे धावले आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले, असं सांगतात. मुलीने लगेच विचारलं, "मग त्या बैलांचं काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. इतिहासात महाराज सुखरूप पोचले याची नोंद आहे, खान बोटं गमावून गेला याची आहे. बैलांची कुठून असणार? पण हा प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला, आणि ही सगळी पोस्ट खरं तर त्या एका प्रश्नावर आहे.

आत शिरल्यावर पहिला धक्का बसतो तो जागेचा. एकूण सुमारे १३० एकर आणि त्यातलं बरंचसं तळं. हे तळंही साधं नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला पाणी अडवलं आणि तिथून बंदिस्त नळाने ते पुण्यात, शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत नेलं. चढ-उताराचा हिशेब करून, कुठलाही पंप नसताना. म्हणजे शहराने कात्रजकडून आधी पाणी घेतलं आणि अडीचशे वर्षांनी शहरात न मावणारे प्राणी कात्रजकडे पाठवले.

प्राण्यांपर्यंत पोचायला बरंच चालावं लागतं. आईसाठी बॅटरीच्या गाडीचं तिकीट काढलं. वाघाच्या खंदकापाशी ही गर्दी. वाघ लांब, झाडाच्या सावलीत, पाठ करून झोपलेला. नुसतं शेपूट हलत होतं. लोक ओरडत होते, "ए वाघोबा, ऊठ की! एवढ्या लांबून आलोय!" एकाने शिट्टी मारली. एका बाईंनी पोराला कठड्यावर उभं केलं, तेव्हा रखवालदाराने येऊन खाली उतरवलं.

आई शांतपणे बघत होती. मग म्हणाली, "पेशवे पार्कात वाघ हातभर अंतरावर होता बाई. इथं हा दिसतो तरी कुठं?"

माझी मुलगी म्हणाली, "पण आजी, त्याला तिथं फिरायला येत होतं का?"

आई थोडं थांबून म्हणाली, "नाही. दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं."

तीन पिढ्या एका कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि तिघांनी तीन वेगळी प्राणिसंग्रहालयं बघितली होती. ती तीन आणि त्याच्याही आधीचं एक, अशी चार मी क्रमाने मांडतो.

पहिलं राजाचं.

पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. सवाई माधवराव पेशव्यांना प्राण्यांचा भारी नाद. गादीवर आले तेव्हा ते तान्हं मूल होते, कारभार नाना फडणवीस बघत, आणि या मुलाच्या हौशीखातर लांबलांबून प्राणी येत. तिथे गेंडासुद्धा होता. गेंडा हा काही सह्याद्रीतला प्राणी नव्हे. कुठल्या तरी दूरच्या मुलखातून तो आणलेला असणार.

हा गेंडा होता हे आपल्याला इतकं पक्कं कसं माहीत? तर एका चित्रामुळे. पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्यासाठी काम करणारा एक मराठी चित्रकार होता, गंगाराम चिंतामण तांबट. वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं करणारा हाच तो माणूस. गंगारामने नोव्हेंबर १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र काढलं. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. कातडीच्या घड्या, पाय, शिंग, सगळं निरखून काढलेलं.

तेव्हा पेशवे सोळा वर्षांचे होते. पुढे पाच वर्षांनी, १७९५ मध्ये, ते शनिवारवाड्यात वरून पडून गेले. १८१८ ला पेशवाई संपली, शिकारखानाही गेला. पण तो एक गेंडा महिना आणि सालासकट शिल्लक राहिला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राजाच्या प्राणिसंग्रहालयाचा नियम सोपा होता. प्राणी राजाच्या हौसेचा. हौस असेल तोवर खाणं, हौस संपली की काय, ते विचारणारं कुणी नाही.

दुसरं प्राणिसंग्रहालय नगरपालिकेचं, म्हणजे लोकांचं.

याची सुरुवात आपल्याकडे इंग्रजांनी केली. मुंबईची राणीची बाग १८६२ साली लोकांना खुली झाली. आधी ती झाडांची बाग होती, प्राणी नंतर आले. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण मुंबईकर अजून राणीबागच म्हणतो. नागपुरात भोसल्यांच्या महाराजबागेत १८९४ मध्ये प्राणिसंग्रहालय झालं. राजाची बाग, आत प्राणी, आणि बघायला सगळं गाव. ही मोठीच गोष्ट होती. ज्या बागेत कालपर्यंत पाऊल टाकता येत नव्हतं, तिथे आता गिरणीतला कामगार पोराला खांद्यावर घेऊन वाघ दाखवायला लागला.

पुण्यात १९५० साली महानगरपालिका झाली आणि तीनच वर्षांत, १९५३ मध्ये, तिने सारसबागेला लागून, पर्वतीच्या पायथ्याच्या त्या जुन्या तळ्याच्या परिसरात प्राणिसंग्रहालय काढलं. नाव ठेवलं पेशवे पार्क. पेशव्यांचा शिकारखाना जिथे होता, त्याच भागात. ते तळंही नानासाहेब पेशव्यांचंच. म्हणजे पुण्याचं जुनं प्राणिसंग्रहालय नानासाहेबांच्या एका तळ्यापाशी आणि नवं त्यांच्याच दुसऱ्या तळ्यापाशी. ठरवून केलेलं नाही, पण झालंय असं.

८ एप्रिल १९५६ ला तिथे फुलराणी सुरू झाली. आईने ती बघितली शाळेच्या सहलीत, साठच्या दशकात. तिला वाघापेक्षा फुलराणी जास्त आठवते. वाघाचं म्हणाल तर तिला वास आठवतो. "नाकाला पदर लावून बघितला," म्हणाली. पेशवे पार्क होतं साताठ एकरांचं. त्यात वाघ, सिंह, अस्वलं, हरणं, पक्षी, आगगाडी आणि सुट्टीच्या दिवशी उसळलेलं सगळं पुणं. बघणाऱ्याची सोय होती, राहणाऱ्याची नव्हती. पण तेव्हा ते कुणाला खटकत नव्हतं. आईला नाही खटकलं. मलाही खटकलं नसतं.

आता तिसरं. हे आपलं.

पुण्या-मुंबईला जाणं ज्यांना जमत नव्हतं, त्या आपल्यासारख्या गावांत वाघ-सिंह यायचे सर्कशीतून. आणि सर्कस ही तर आपल्याच मातीतली. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली. त्यानंतर आपल्या भागातून किती सर्कशी निघाल्या! दिवाळीनंतर जत्रेच्या मैदानात तंबू लागला की रात्री सिंहाची डरकाळी बाजारपेठेपर्यंत ऐकू यायची. चाळिशीपुढच्यांना मी हे सांगायला नको.

पण बारमाही बघायला आपल्याकडे होती नगरपालिकेची बाग. पाण्याच्या टाकीखालची. तुमच्यातल्या निम्म्यांनी तिथे घसरगुंडीवर चड्ड्या फाडल्या असतील. त्या बागेच्या मागच्या भिंतीला पिंजरे होते. एकात ससे, एकात दोन माकडं, जाळीच्या कुंपणात चार-पाच हरणं, एक मोर. आणि शेवटच्या पिंजऱ्यात अस्वल.

ते कुठून आलं, यावर गावात तीन मतं आहेत. कुणी म्हणतं दरवेशाकडून सोडवलं, कुणी म्हणतं सर्कसवाल्यांनी आजारी म्हणून मागे ठेवलं, कुणी म्हणतं जंगलखात्याने दिलं. पिंजरा दहा बाय दहाचा असेल. खाली सिमेंट. ते दिवसभर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायचं आणि प्रत्येक फेरीला मान डावीकडून उजवीकडे झुलवायचं. आम्हाला वाटायचं, नाचतंय. आम्ही टाळ्या वाजवायचो. बंदिस्त जागेत कोंडलेला प्राणी पिसाटल्यासारखी तीच ती हालचाल करत राहतो, हे मला पुढे वीस वर्षांनी एका पशुवैद्यकीय डॉक्टरांनी सांगितलं.

आता एक कबुली देतो. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. लोक त्याला शेंगा, केळी, भजी, काहीही टाकायचे. मी एकदा चिक्कीच्या कागदात खडा गुंडाळून टाकला. त्याने तो लांब नखांनी इतका हळू सोडवला, की मला अजून तो कागदाचा आवाज आठवतो. खडा हुंगला. मग माझ्याकडे बघितलं आणि परत फेरी सुरू केली. बरोबरची पोरं हसली. मीही हसलो.

एके दिवशी पिंजरा रिकामा दिसला. नव्वदच्या दशकाची सुरुवात असावी. मग हळूहळू हरणं गेली, माकडं गेली. मोर तर उडूनच गेला म्हणतात. पिंजऱ्यांत पालिकेचे झाडू आणि फॉगिंगचं मशिन ठेवायला लागले.

पत्रकार झाल्यावर एकदा मी त्या अस्वलाचा शोध घ्यायचा प्रयत्न केला. जुनी दप्तरं बघू दिली, त्याबद्दल त्या वेळच्या कर्मचाऱ्यांचे आभारच मानायला हवेत. एका वर्षाच्या खर्चात "बागेतील प्राण्यांचे खाद्य" असा एकच आकडा सापडला. कुठल्या प्राण्याचं, किती प्राण्यांचं, काही नाही. अस्वल आलं कधी, नर की मादी, डॉक्टरांनी कधी तपासलं, मेलं की दुसरीकडे नेलं, एक ओळ नाही.

१७९० च्या गेंड्याचा महिना सांगता येतो. माझ्या लहानपणीच्या अस्वलाचं वर्षसुद्धा सांगता येत नाही.

म्हणून मी आता चौथ्याकडे येतो, म्हणजे आपण रविवारी बघितलं त्याकडे.

प्राण्यांना शहराबाहेर, मोकळ्या जागेत न्यायचं ही कल्पना मूळ युरोपातली. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक नावाच्या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने १९०७ मध्ये गजांऐवजी खंदक असलेली बाग काढली. मध्ये खंदक असला की वाघ मोकळा दिसतो आणि माणूस सुरक्षित राहतो. लंडनच्या प्राणिसंस्थेने १९३१ मध्ये शहराबाहेर, बेडफर्डशरमध्ये व्हिप्सनेडला मोठी मोकळी बाग उघडली. लंडनचे लोक डबे घेऊन दिवसभराच्या सहलीला तिकडे जायला लागले, अगदी आपल्यासारखेच. आपल्याकडे दिल्लीचं प्राणिसंग्रहालय १९५९ मध्ये उघडलं. त्याच्या आखणीत याच हागेनबेक घराण्यातल्या नातवाचा हात होता. कात्रजला आपण ज्या कठड्याला टेकलो होतो, त्या खंदकाची वंशावळ ही अशी आहे.

पण नुसत्या खंदकाने काम झालं नाही. खरा फरक पडला तो कायद्याने. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होता, त्यात प्राणिसंग्रहालयांवर वेगळं प्रकरण नव्हतं. १९९१ च्या दुरुस्तीने ते आलं आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. तेव्हापासून मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. पिंजरा केवढा, डॉक्टर आहे का, खाणं काय, हे सगळं तपासलं जातं. मुख्य म्हणजे जन्म, मृत्यू, आणलेले, पाठवलेले अशा प्रत्येक प्राण्याची नोंद ठेवावी लागते आणि तिचा हिशेब वर द्यावा लागतो.

प्राधिकरणाने देशभरातली पाचशेच्या आसपास ठिकाणं तपासली आणि त्यातल्या तीनशेहून जास्त ठिकाणांना मान्यता नाकारली. तीनशे! त्यात मोठी नावं थोडी. बहुतेक आपल्या टाकीखालच्या बागेसारख्याच बागा असणार. पुढे १९९८ मध्ये सर्कशीत वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांचे खेळ करायला बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे माझं बालपण दोन्हीकडून बंद झालं म्हणा ना. पण झालं ते बरंच झालं.

पेशवे पार्कही या नियमांत बसणारं नव्हतं. कात्रजला तोवर सर्पोद्यान उभं होतं, १९८६ पासून. त्यामागे नीलिमकुमार खैरे हा माणूस. १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास बसून राहिले होते ते. साप दिसला की काठी उचलणाऱ्या आपल्या लोकांना सापाकडे बघायला शिकवावं, हा त्यांचा ध्यास. या सर्पोद्यानाच्या शेजारीच नवं प्राणिसंग्रहालय आकाराला आलं आणि पेशवे पार्कातले प्राणी इथे हलवले. तेव्हा कात्रज म्हणजे शहराबाहेर. आज तिन्ही बाजूंनी इमारती आल्यात. रविवारी परतताना त्या चौकातून बाहेर पडायला आम्हाला पाऊण तास लागला.

इथे आपण स्वतःलाच कात्रजचा घाट दाखवतो. "प्राणी शहराबाहेर नेले, मोकळ्या जागेत नेले, प्रश्न मिटला," असं आपल्याला वाटतं. पण शहर मागून येतंच. आणि मोकळ्या जागेतही अघटित घडतंच. मार्च २०२४ मध्ये कात्रजचा एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला. आवारातच होता, पण सापडेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. जुलै २०२५ मध्ये काही दिवसांत तिथली १६ चितळं दगावली. नमुने प्रयोगशाळांकडे गेले आणि कारण निघालं लाळ-खुरकूत. आपल्या गोठ्यातला तोच रोग. नागपूरच्या गोरेवाड्यात २०२४ च्या शेवटी तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग काय उपयोग एवढ्या कायद्याचा? मलाही आधी तसंच वाटलं. पण जरा विचार करा. १६ चितळं, हा आकडा तुम्हाला आणि मला कसा कळला? कारण ती मोजलेली होती. मेली तेव्हा शवविच्छेदन करावं लागलं, कारण शोधावं लागलं, अधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागलं, वर्तमानपत्रांनी प्रश्न विचारले. आपल्या बागेतली हरणं किती होती आणि कशाने गेली, हे कुणी सांगू शकेल का? तिथे दुर्घटना घडल्या नाहीत असं नाही. त्यांची नोंद झाली नाही, एवढंच.

माझ्या मते राजाच्या शिकारखान्यापासून कात्रजपर्यंतच्या प्रवासात जागा वाढली, खंदक आले, झाडं आली, हे सगळं चांगलंच झालं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्राणी कुणाच्या तरी नावावर, कुणाच्या तरी सहीखाली आला. त्याचं काय झालं, हे विचारायचा अधिकार तुम्हाला-मला मिळाला. त्या वाघाला शिट्टी मारणाऱ्यालाही कायदा आहे बरं का. कलम ३८ जे. प्राण्याला छेडणं, खायला टाकणं, आवाज करून त्रास देणं, आवारात कचरा करणं, सगळं गुन्ह्यात मोडतं. हा कायदा १९८९ ला असता तर चिक्कीच्या कागदासाठी माझ्या बापाला दंड भरावा लागला असता.

आता आपल्या "मिनी झू"कडे येऊ.

नवं प्राणिसंग्रहालय काढायचं तर आधी केंद्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते. मिनी असलं तरी. संपूर्ण आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. भोवती भिंत, डॉक्टर, दवाखाना, प्रशिक्षित रखवालदार, विलगीकरणाची सोय, आणि हे सगळं उद्घाटनाच्या दिवसापुरतं नाही, कायमचं. सिंहाला अधिक महिन्यातही मांस लागतं आणि पगार थकले म्हणून त्याला उपाशी ठेवता येत नाही. आपल्या गावात जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर रोज सापडत नाहीत. मोकाट कुत्र्यांची मोजणी अजून झालेली नाही. कोंडवाड्यात गेल्या उन्हाळ्यात पाण्यावाचून गाय मेली, ती बातमी मीच केली होती. ज्या गावाला कोंडवाड्यातली गाय सांभाळता आली नाही, त्याने बिबट्या आणायच्या गप्पा माराव्यात का?

मी नकारघंटा वाजवतोय असं समजू नका. पोरांना प्राणी दिसावेत, हे मला मनापासून वाटतं. परतताना माझी मुलगी अर्धा रस्ता मगरींबद्दल बोलत होती आणि भावाच्या मुलाला आता सर्पमित्र व्हायचंय. एका दिवसाच्या सहलीने एवढं होतं. मग शाळांच्या सहली कात्रजला जाऊ देत. पालिकेने वर्षातून एकदा पालिका शाळेच्या मुलांसाठी एसटी ठरवावी. मिनी झूच्या नुसत्या आराखड्याच्या खर्चात कितीतरी वर्षं मुलं जातील. आणि आपलं तळं आहेच. हिवाळ्यात तिथे येणारे पक्षी बघायला कुठलाही पिंजरा लागत नाही. फक्त तळ्यात गटाराचं पाणी सोडणं थांबवा, काठावर दोन बाकं आणि पक्ष्यांच्या माहितीचा एक फलक लावा. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

तरीही सभागृहाला प्राणिसंग्रहालयच हवं असेल, तर माझी एकच मागणी आहे. ठराव मांडण्याआधी त्या अस्वलाची नोंद शोधून पटलावर ठेवा. ते कधी आलं, कधी गेलं, कुठे गेलं. जी पालिका आपल्या जुन्या प्राण्याचा हिशेब देऊ शकते, तिलाच नवा प्राणी मागायचा अधिकार आहे.

आणि आता ती गोष्ट, जी मला तुमच्याकडून हवी आहे. तुमच्यापैकी कुणाकडे त्या बागेतला जुना फोटो असेल, १९८५ ते १९९५ च्या दरम्यानचा, मागे पिंजरे दिसत असलेला, तर कृपया मला पाठवा. फोटोत तुम्ही, तुमचे बहीण-भाऊ असाल, मागे कुठे तरी ते काळं ढेलं उभं असेल. ज्यांचे वडील, काका त्या काळी बागेवर कामाला होते, त्यांनी घरी विचारा. ते काय खायचं, त्याला काही नाव होतं का, शेवटी कुठे नेलं. जे कळेल ते तारखेसकट इथेच लिहीन.

घाटातल्या बैलांचं काय झालं, ते मला मुलीला सांगता आलं नाही. निदान या अस्वलाचं तरी सांगता यावं.